ठराव होतो तेव्हा आपण कुठे असतो?

२०२३ च्या पावसाळ्यानंतर पुण्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी एका फॉर्मचे नाव होते, पीटी-३. मी स्वतःच्या घरात स्वतःच राहतो, हे महापालिकेला पटवून द्यायचे, पुरावे जोडायचे, २५ रुपये भरायचे आणि फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यायचा. त्याबदल्यात मिळकतकरातली ४० टक्क्यांची सवलत पुन्हा सुरू होणार होती. मुदत नोव्हेंबरपर्यंत होती, ती वाढवावी लागली, कारण ज्यांच्यासाठी फॉर्म काढला त्यांच्यापर्यंत तो पोचतच नव्हता. पेन्शनवर जगणारी माणसे झेरॉक्सच्या दुकानात विचारत होती, ‘आम्हालाही भरायचाय का हो हा?’ दुकानदार जमेल तसे उत्तर देत होता. महापालिकेचे जनसंपर्काचे काम त्या दिवसांत झेरॉक्सवाल्यांनी केले, असे मी गांभीर्याने म्हणतो.

या फॉर्मची कुळकथा १९७० पर्यंत मागे जाते. स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत द्यायची, असा ठराव पुण्याच्या मुख्य सभेने त्या वर्षी केला. पुढची चार-साडेचार दशके तो निमूट अमलात राहिला. घरमालकांना ती सवलत वाटेनाशी झाली. कर म्हणजे एवढाच, असे सगळे धरून चालले. मग लेखापरीक्षणात हरकत निघाली, की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अशा सवलतीला आधारच नाही. देखभाल-दुरुस्तीची वजावटही १५ नव्हे, १० टक्केच देता येते. राज्य सरकारने ठराव विखंडित केला. १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांची बिले फुगून आली आणि शहरात आरडाओरड झाली. अखेर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. म्हणजे शहराने केलेला ठराव सरकारने मोडला आणि सरकारनेच पुन्हा जोडला. या सगळ्या येरझाऱ्यांत घरात राहणाऱ्या माणसाशी पहिले बोलणे झाले ते बिलाच्या कागदाने.

महाराष्ट्रातल्या शहरांचा कारभार तीन ठिकाणी ठरतो. गल्लीत काय हवे ते रहिवाशांना कळते, त्यावर ठराव सभागृहात होतो आणि त्या ठरावाला कायद्याची चौकट मिळते ती विधिमंडळातून. चर्चा बहुतेक वेळा पैशाची आणि अधिकारांची होते, आणि दोन्ही कमी आहेत हे खरेच. तरी मोठी तूट या तीन ठिकाणांमधल्या बोलण्याची आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांत पक्के झाले. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले, सभागृहे पुन्हा भरली. म्हणून या प्रश्नाचा आढावा आताच घेणे बरे.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करतो. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागताच्या थाटासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्याचा विषय सभेपुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे फुल्यांनी सांगितले आणि ३२ सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटे उरले. सभागृह कशासाठी असते, हे त्या एका मताने मला जेवढे समजावले तेवढे कुठल्याही पाठ्यपुस्तकाने नाही. खर्चाचा आकडा मंजूर झालाच. पण पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी, हा प्रश्न तिथे उच्चारला गेला, नोंदला गेला, म्हणून आज दीडशे वर्षांनी आपण त्याविषयी बोलू शकतो.

आता कायद्याची चौकट. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्याने आणि नगरपरिषदा १९६५ च्या कायद्याने चालतात. तिन्हींचा सांगाडा एकसारखा आहे. लोकांनी निवडलेले सभागृह धोरण ठरवते, ठराव करते. अंमलबजावणी आयुक्त किंवा मुख्याधिकारी करतो, आणि त्याला राज्य सरकार नेमते. महापौराला मान आहे, सभा चालवण्याचा अधिकार आहे, पण फायलीवर सही करून रस्ता दुरुस्त करवण्याचा अधिकार नाही. १९४९ च्या कायद्याचे ४५१ वे कलम सरकारला महापालिकेचा कोणताही ठराव स्थगित किंवा विखंडित करू देते. पुण्याच्या सवलतीचे भवितव्य याच अधिकाराने ठरले.

दुसरे उदाहरण नवी मुंबईचे. सभागृहातल्या एकूण सदस्यांपैकी पाच अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावे, अशी तरतूद कायद्यात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्तांवरचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. त्या आयुक्तांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले नागरिकही होते आणि त्यांचे म्हणणे मला बरेचसे पटले होते. तरीही सभागृहाचा एवढा स्पष्ट कौल वरून थांबवता येतो, ही गोष्ट आवडत्या अधिकाऱ्यासाठी चालवून घेतली तर नावडत्यासाठीही चालवून घ्यावी लागते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, शहरांना घटनेत जागा दिली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले, तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या झाल्या, आणि पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक झाले. यातली शेवटची तरतूद सगळ्यांत ठाम होती आणि तीच महाराष्ट्रात सगळ्यांत वाईट मोडली. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि नवी मुंबई यांची मुदत २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत संपली. मुंबई आणि पुण्याची मार्च २०२२ मध्ये. ४ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली; त्यासाठी बांठिया आयोग नेमला गेला. त्यातच मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग आखण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ झाले आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २२७. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, त्यालाही मुदतवाढ मिळाली, आणि २०१७ मध्ये मत दिलेला मुंबईकर थेट २०२६ मध्ये मतदान केंद्रावर गेला. इचलकरंजीची महापालिका २०२२ मध्ये झाली. तिला निवडलेले सभागृह मिळायला चार वर्षे लागली.

प्रभागरचनेकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण वरवर ती राजकीय पक्षांची भानगड वाटते. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा, आणि २०२६ लाही बहुतेक ठिकाणी चौघांचाच. ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक. दर निवडणुकीला विधिमंडळ किंवा मंत्रिमंडळ ठरवणार, की पुण्यातल्या माणसाचा ‘आपला नगरसेवक’ एक असेल की चार. आज पुण्यातल्या एका प्रभागाची लोकसंख्या जुन्या जनगणनेनेही ८० हजारांच्या पुढे जाते, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाहून मोठी. ड्रेनेज तुंबले तर चौघांपैकी कोणाच्या दारात जायचे? ज्याच्या पक्षाचा झेंडा चौकात मोठा, त्याच्या. लोक आणि सभागृह यांच्यातला पहिला सांधा इथेच निखळतो.

सभागृहाची मुदत संपल्यापासून निवडणूक होईपर्यंत महापालिकांवर प्रशासक होते. त्या काळात काय झाले, ते महापालिकेत नेहमी जाणारे सगळे जाणतात. आयुक्त हाच प्रशासक. स्थायी समितीपुढे प्रस्ताव ठेवणारा तो, स्थायी समितीच्या अधिकारात मान्यता देणारा तो, मुख्य सभेच्या अधिकारात शिक्कामोर्तब करणाराही तोच. २०२५-२६ साठी मुंबईचे ७४,४२७ कोटींचे आणि पुण्याचे १२,६१८ कोटींचे अंदाजपत्रक असेच मंजूर झाले. भाषण नाही, उपसूचना नाही, मध्यरात्रीपर्यंत चाललेली चर्चा नाही. कामे झपाट्याने होतात, असे म्हणणारे मला भेटले आणि काही कामे खरेच झाली. पण एखादा उड्डाणपूल इथे का आणि तिथे का नाही, हे विचारण्याची जागाच उरली नव्हती. विचारायचे तर न्यायालयात जाऊन याचिका करायची, नाहीतर रस्त्यावर बसायचे. टेकडीवरचा रस्ता आणि नदीकाठाचा प्रकल्प, या दोन्ही बाबतींत पुणेकरांनी दोन्ही केले.

पैशाचे थोडक्यात सांगतो. जकात हे शहरांचे रोजचे, स्वतःचे उत्पन्न होते. मुंबई सोडून इतर महापालिकांतून ती २०१३ पर्यंत जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तोही माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर मुंबईची जकातही संपली. नुकसानभरपाईचा कायदा झाला, दरवर्षी ८ टक्के वाढ देण्याचे ठरले, मुंबईला पहिला ६४७ कोटींचा धनादेश समारंभपूर्वक दिला गेला. पैसा येतो, बऱ्यापैकी नियमित येतो. मात्र तो आता कमावलेला नाही, मिळालेला आहे. मुंबईच्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची करमाफी हे याचे दुसरे टोक. सभागृहाने २०१७ मध्येच माफीचा ठराव केला, २०१९ च्या कायदादुरुस्तीने फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, बिलातले बाकीचे कर तसेच राहिले, आणि पूर्ण माफीची घोषणा जानेवारी २०२२ मध्ये झाली. पाच वर्षे दर बिलागणिक लोक विचारत राहिले, की माफ झाला म्हणता, मग हे काय?

आता लोकांच्या छोट्या कामांकडे येतो. इथे पुण्याची कामगिरी अभिमानाने सांगण्यासारखी आहे. २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली, पाच लाखांपर्यंतची कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्याने सुरू केली. पदपथ, बसथांब्यावरचे छप्पर, बाक, स्वच्छतागृह, गल्लीतला दिवा अशी ही कामे. फॉर्म भरायचा, क्षेत्रीय कार्यालय छाननी करणार, प्रभाग समिती शिफारस करणार. मी स्वतः दोनदा फॉर्म भरला. पहिल्यांदा आमच्या वळणावरचा खचलेला पदपथ झाला. दुसऱ्यांदा काय झाले ते आजतागायत कळलेले नाही; होकार नाही, नकार नाही, नकाराचे कारणही नाही. कार्यालयात विचारले तर ‘यादीत आलं नसेल’. या योजनेचे मोठे दुखणे तेच आहे. सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे सुचवणाऱ्याला परत सांगितले जात नाही, म्हणून माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फॉर्म भरायचे सोडतो. नगरसेवकांच्या पसंतीची प्रभागातली कामे, ज्यांना पुण्यात ‘स’ यादी म्हणतात, त्यांच्यामागे मात्र रोज विचारणारा माणूस असतो. ती मार्गी लागतात.

त्याहून धडा घेण्यासारखी गोष्ट कचऱ्याची. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्या कामातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक, त्यातल्या बहुसंख्य बाया, दारोदार जाऊन ओला-सुका कचरा घेतात आणि घरोघरचे लोक त्याचे पैसे देतात. शहराच्या सभागृहाने स्वतः चर्चा करून, स्वतः ठरवून उभे केलेले हे काम आहे. वरून आलेली योजना नव्हे. मात्र कराराची मुदत संपली, की नूतनीकरणाचा विषय लांबणीवर पडतो, मुदतवाढीवर मुदतवाढ मिळते, आणि दर वेळी त्या बायांना मुख्य सभेच्या दारात येऊन उभे राहावे लागते. ठराव होताना तिथे हजर असणारे नागरिक म्हणून मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण येते. त्यांना परवडत नाही गैरहजर राहणे.

लोकांना सांगण्याच्या बाबतीत सगळ्यांत महागडी चूक कोल्हापूरने पाहिली. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते खासगी गुंतवणुकीतून बांधायचे आणि टोलमधून पैसे वसूल करायचे, हा करार रीतसर झाला होता, सभागृहाची मान्यता होती. पण गावात शिरायला टोल द्यावा लागणार, हे बहुतेक कोल्हापूरकरांना उमगले ते नाके उभे राहताना. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर आले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल रद्द करावा लागला. भुर्दंड राज्याच्या तिजोरीला बसला. जी चर्चा ठरावाआधी तालमीतालमीत, पेठापेठांत व्हायला हवी होती, ती ठरावानंतर चौकात झाली. टोलला विरोध बरोबरच होता, असे मला वाटते. पण हा विरोध ऐकण्याची वेळ करारावर सही होण्याआधीची होती.

विकास आराखड्यांचा अनुभव उलट बाजूचा आहे. तिथे प्रादेशिक व नगररचना कायद्याने हरकती-सूचना मागवणे सक्तीचे आहे, म्हणून लोक बोलतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजार हरकती आल्या. सुनावण्या झाल्या, नियोजन समितीत मतभेद झाले, मुख्य सभेत गुऱ्हाळ चालू राहिले, आणि मार्च २०१५ मध्ये सरकारने आराखडाच आपल्या हातात घेतला. मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये झाली. मुंबईतही २०१५ चा आराखडा इतक्या चुकांनी भरला होता, की मुख्यमंत्र्यांना एप्रिलमध्ये तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. त्या चुका शोधल्या त्या नकाशे घेऊन रस्त्यारस्त्याने हिंडलेल्या सामान्य मुंबईकरांनी. आपल्या गल्लीचा नकाशा हातात दिला तर लोक किती नेमके बोलतात, हे तेव्हा दिसले. मात्र ८७ हजार माणसांनी लिहिलेले कागद शेवटी कुठल्या निर्णयात मुरले, हे त्यांना कोणी कळवले नाही.

महापालिकेच्या जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, कायद्याच्या भाषेत छापल्या जातात. ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की’ असे म्हणून जे सांगितले जाते ते तमाम नागरिकांना कळत नाही. विषयपत्रिका आधी निघते, पण महत्त्वाचे विषय पुष्कळदा ‘ऐनवेळचे’ म्हणून येतात, आणि उपसूचना घेऊन ठरावाचा अर्थच बदलून जातो. एक चांगली पद्धत मात्र पुण्यात रुजली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने ती राज्यभर लागू केली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत, माहिती अधिकाराचा अर्ज न करता, नागरिकाने जाऊन फायली पाहायच्या. ही सोय किती जणांना माहीत आहे, असे मी व्याख्यानांत विचारतो. शंभरात दोन-तीन हात वर होतात.

सभागृह जागे असले आणि लोक मागे उभे असले तर काय होऊ शकते, याची साक्ष औरंगाबादने दिली. समांतर जलवाहिनीचे काम आणि शहराचा पाणीपुरवठा सप्टेंबर २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे गेला. पाणीपट्टी, मीटर, खोळंबलेले काम यांवरून तक्रारी वाढल्या आणि ३० जून २०१६ रोजी सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव केला. पुढे न्यायालयीन गुंते झाले, १,६८० कोटींची नवी योजना २०१९ मध्ये मंजूर झाली, तिचा खर्च वाढत गेला, आणि दरम्यान २०२० ते २०२६ शहराला सभागृहच नव्हते. आठवडा-आठवडा नळ कोरडे असताना जाब विचारायचा तो कोणाला? त्या शहरातल्या लोकांची ही सहा वर्षे मला या संपूर्ण विषयातली सगळ्यांत मोठी फसवणूक वाटते.

यावरचा इलाज नव्याने शोधायचा नाही. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू शहरी नूतनीकरण अभियानाचा पैसा हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती. म्हणून २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका आणि नगरपालिका कायद्यांत क्षेत्रसभा घातली. दोन ते पाच मतदान केंद्रांचे मतदार मिळून एक क्षेत्र, नगरसेवक तिचा अध्यक्ष. सभेने कामे सुचवायची, त्यांचा क्रम लावायचा, पाणी-दिवे-गटार यांतल्या उणिवा सांगायच्या. गावाला ग्रामसभा आहे तशी ही शहरातल्या गल्लीची सभा. काही ठिकाणी जागरूक नागरिकांनी हट्टाने एखाद-दुसरी भरवून घेतली, बाकी ती कागदावरच राहिली. नगरसेवकांना ती नकोशी वाटते, कारण तिथे प्रश्न सगळ्यांदेखत विचारले जातात. प्रशासनाला नकोशी, कारण उत्तर लेखी द्यावे लागते. आणि आपल्याला ती अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.

चार नगरसेवकांच्या प्रभागात तर तिची गरज जास्तच आहे. चौघांनी प्रभागातली मतदान केंद्रे आपसांत वाटून घेतली, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस हजारांच्या आसपास माणसे येतात आणि तुंबलेले ड्रेनेज कोणाला सांगायचे ते ठरते. पुण्यात नागरिकांच्या कामांचे फॉर्म पावसाळा सरता सरता निघतात, अंदाजपत्रक त्यानंतर काही महिन्यांनी. क्षेत्रसभा जुलैत झाली तर कामे तिथेच सुचवता येतील, गेल्या वर्षीच्या कामांचे काय झाले ते तिथेच विचारता येईल, आणि मुख्य सभेपुढे येणारा मोठा करार असेल तर त्याची चार पानांची मराठी टिपणी तिथेच वाचून दाखवता येईल. जागाही शोधावी लागणार नाही. मतदान केंद्र बहुतेक वेळा महापालिकेच्या शाळेतच असते. जानेवारीत जिथे बोटाला शाई लावून घेतली, तो वर्ग संध्याकाळी रिकामाच असतो.